पळस्पे फाटा ते कन्याकुमारी : दोन मित्रांचा किनारी महामार्ग

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापाशी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ सुरू होतो आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांतून, वाटेत पुदुच्चेरीच्या माहे या चिमुकल्या प्रदेशाला स्पर्श करून, सुमारे १,६०० किलोमीटरनंतर कन्याकुमारीला संपतो. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. त्यापूर्वी पनवेलपासून कोचीजवळच्या एडपल्लीपर्यंतचा हा रस्ता क्रमांक १७ म्हणून ओळखला जाई. कळंबोली-पनवेल परिसरातूनच महामार्ग क्रमांक ४८ देखील जातो, जो एका बाजूला अहमदाबाद-जयपूरमार्गे दिल्लीला आणि दुसऱ्या बाजूला पुणे-बेंगळुरूमार्गे चेन्नईला पोहोचतो. त्यामुळे नेरूळ, खारघर किंवा कामोठ्यात राहणाऱ्या तरुणाला देश पालथा घालायचा असेल, तर मुंबईतल्या तरुणाप्रमाणे आधी शहराबाहेर पडण्याची लढाई त्याला करावी लागत नाही. देशाचे मोठे रस्ते त्याच्या घराच्या अंगणातूनच निघतात.

विशी-पंचविशीतल्या दोन मित्रांनी मोटारसायकल किंवा घरातली जुनी मोटार घेऊन लांबच्या प्रवासाला निघावे, हे स्वप्न आजच्या तरुण पिढीत सर्रास आढळते. २००१ साली आलेल्या फरहान अख्तर दिग्दर्शित ‘दिल चाहता है’ या हिंदी चित्रपटाने मित्रांच्या गोवा-सफरीला एक मोहक रूप दिले आणि पुढच्या वीस वर्षांत मोटारसायकलवरून लडाखला जाणे हे जणू तारुण्याचे प्रमाणपत्र ठरले. लडाखच्या प्रवासाची भव्यता नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथे दोघेही मित्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पर्यटकच राहतात. पळस्प्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याचे वैशिष्ट्य असे, की नवी मुंबईतल्या कित्येक मित्रांच्या जोड्यांपैकी एकाचे गाव या रस्त्याच्या उत्तर भागात असते आणि दुसऱ्याचे दक्षिण भागात, म्हणजे प्रवासाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर दोघेही आळीपाळीने यजमान आणि पाहुणे होतात. मैत्रीची खरी ओळख करून देणारा प्रवास म्हणून या मार्गाकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे.

याचे मूळ शहराच्या घडणीत आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले आणि १९७३ मध्ये वाशीच्या खाडीवर पहिला पूल झाला, तेव्हा या पट्ट्यात आगरी-कोळी समाजाची गावे, भातशेती आणि मिठागरे होती. त्या मूळ रहिवाशांच्या जमिनींवर वसलेल्या नगरात मग चहूकडून माणसे आली : घाऊक बाजार तुर्भ्याला हलला तसे त्याच्याबरोबर सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार आले, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर मालवाहतुकीशी निगडित कामगार व कारकून आले, मुंबईतल्या चाळींतून कोकणातली कुटुंबे आली आणि टंकलेखन, परिचर्या, लेखापाल अशा नोकऱ्यांच्या शोधात मुंबईत स्थिरावलेल्या मल्याळी कुटुंबांनीही येथे घरे घेतली. वाशीचे केरळ हाउस आणि उपनगरांतली अय्यप्पा मंदिरे ही या शेवटच्या स्थलांतराची दृश्य खूण होय. या सर्वांची मुले एकाच सोसायटीत खेळली, एकाच शाळेत मराठी शिकली आणि एकाच महाविद्यालयात गेली. मात्र दरवर्षी मे महिन्यात त्यांची पांगापांग होऊन प्रत्येक जण ‘आपल्या गावी’ जात राहिला. मित्राचे गाव ही त्यांच्यासाठी नुसती ऐकीव गोष्ट राहिली.

यात रेल्वेचा इतिहासही गुंतलेला आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू होण्यापूर्वी मुंबईहून केरळला जाणाऱ्या गाड्या पुणे, सोलापूर, पालघाट असा दख्खनचा मोठा वळसा घेत असत, तर कोकणातली माणसे एसटीने आणि त्याआधीच्या काळात किनाऱ्याच्या बोटीने गावी जात. म्हणजे एकाच किनाऱ्यावरची ही दोन कुटुंबे मुंबईत आली ती एकमेकांच्या गावांना कधीही न ओलांडता. कोकण रेल्वेने, जिचे मुख्यालय नवी मुंबईतच बेलापूरला आहे, रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा लोहमार्ग टाकून हे अंतर प्रथमच सरळ केले. तरीही आगगाडी बहुतांश कोकण रात्रीत किंवा बोगद्यांतून ओलांडते, आणि मित्राच्या गावाचे स्टेशन दोन मिनिटांत मागे पडते. रस्त्यावर असे होत नाही.

तारुण्यातला लांबचा प्रवास ही या भागाला नवी गोष्ट नाही. पनवेलनंतरचे पहिले मोठे गाव पेण, आणि त्याच पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली, वयाच्या तिशीत, काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले होते. घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी हा त्यांचा साधा हेतू होता, पण बंडाच्या धामधुमीत सापडून त्यांना झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहावा लागला. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये प्रकाशित झाले व मराठीतल्या प्रवासवर्णनांत त्याचे स्थान आजही अढळ आहे. पुढे १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघेच सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पूर्ण करून मार्च १९२८ मध्ये परतले. सहा निघाले आणि तिघे परतले, याचा अर्थ उरलेल्यांची मैत्री कच्ची होती असा मुळीच नाही. चार-साडेचार वर्षांत माणसाच्या आयुष्याचे रस्ते वेगळे होणारच, आणि एकमेकांना तसे होऊ देणे हेही सहप्रवासाचे एक अंग आहे. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेलेल्या ‘भारत जोडो’ अभियानात शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवरून सहभागी झाले होते, तेव्हा देश पायांखाली आणि चाकांखाली घालून समजून घेण्याचा विचार मराठी मनात चांगलाच रुजलेला आहे.

हा प्रवास नेमका याच वयात का घडतो, याचे उत्तर मानसशास्त्राने आपल्या परीने दिले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली अठरा ते पंचवीस या वयाला एक स्वतंत्र अवस्था मानावे असे सुचवले. या अवस्थेत माणूस कायद्याने सज्ञान असतो, पण पोटापाण्याचा व्यवसाय, जोडीदार आणि राहण्याचे ठिकाण यांपैकी काहीच ठरलेले नसते. आर्नेट यांची मांडणी अमेरिकन समाजातून आली असल्याने ती भारताला जशीच्या तशी लागू करता येत नाही. कारण इथला तरुण बहुधा आई-वडिलांच्या घरीच राहतो व त्याच्या मोकळेपणाचा काळ फार लहान असतो. नवी मुंबईत तो शेवटच्या वर्षाची परीक्षा आणि नोकरीवर रुजू होण्याचा दिवस यांच्यामधल्या काही आठवड्यांपुरता उरतो, आणि ते आठवडे मे-जूनमध्ये येतात.

इथेच निसर्ग आडवा येतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनला केरळात दाखल होतो आणि किनाऱ्याने वर सरकत ११ जूनच्या सुमारास मुंबईला पोहोचतो. मे महिन्याच्या अखेरीस पळस्प्याहून दक्षिणेकडे निघालेले मित्र म्हणजे पावसाच्या दिशेनेच निघालेले असतात, आणि केरळच्या हद्दीत कुठेतरी त्याची त्यांच्याशी समोरासमोर गाठ पडते. कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर पडणारी पहिली सर मोटारसायकलस्वाराला सर्वांत घातक असते, कारण महिनोन्महिने साचलेले तेल, रबराचा चुरा आणि जांभ्याची तांबडी धूळ पाण्याबरोबर वर येऊन रस्ता निसरडा करते. अर्धा-पाऊण तास जोराचा पाऊस पडून तो थर वाहून गेल्यावर पकड पुन्हा सुधारते. तेवढा वेळ टपरीच्या आडोशाला चहा घेत थांबण्याची सवय अनुभवी चालकांना असते ती यासाठी.

महाराष्ट्रातला साडेचारशे किलोमीटरचा टप्पा हा या मार्गाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत शिकवणारा भाग आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली पट्टी अरुंद असल्याने येथल्या नद्या लांबीने तोकड्या, पण पावसाळ्यात अतिशय वेगवान असतात, आणि किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रस्त्याला त्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात : खारपाड्याला पाताळगंगा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराचा एखादा फाटा समुद्राकडे उतरलेला असतो, म्हणून पूल संपला की घाट येतो. पोलादपूर आणि खेड यांच्यामधला कशेडी घाट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून तेथे आता बोगदा झाला आहे. पळस्पे ते इंदापूर या भागाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे एका दशकाहून अधिक काळ रेंगाळले, याची खंत कोकणी माणसाला दरवर्षी गणपतीला गावी जाताना नव्याने होते. ही खंत रास्तच आहे, कारण रस्ता खराब असणे म्हणजे नुसती गैरसोय नव्हे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल सावित्रीच्या पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस व अन्य वाहने नदीत गेली. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, जून २०१७ मध्ये, खुला झाला. आज त्या पुलावरून गाडी काही सेकंदांत पलीकडे जाते. पण ज्याचे गाव खेड-चिपळूणकडे आहे असा मित्र तेथे वेग कमी करतो आणि मागे बसलेल्याला त्या रात्रीबद्दल सांगतो, कारण त्याच्या घरी त्या रात्री कोणाचा ना कोणाचा तरी फोन लागेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो. कारवारच्या काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला, तेव्हाही एक ट्रक पाण्यात गेला. सुदैवाने त्याचा चालक वाचला. किनाऱ्याच्या रस्त्याचा इतिहास हा अशा रीतीने त्याच्या पुलांचा इतिहास आहे.

महाराष्ट्रातल्या या टप्प्यात मराठी मित्र यजमान असतो. रस्ता तो विचारतो, खानावळीत ताटातले काय काय आहे ते तो सांगतो, आणि मुक्काम बहुधा त्याच्या आजोळी किंवा काकांकडे होतो. तिथे पाहुण्या मित्राची भाकरी, घावणे आणि सोलकढी यांनी सरबराई होते व ‘तुझे आई-बाबा कुठले?’ या प्रश्नापासून चौकशी सुरू होते. पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली की बहुतेक जण पहिल्या पंपावर टाकी फुल्ल करतात, कारण गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळत आले आहे. काणकोण सोडून पोळेच्या नाक्यावरून कर्नाटकात शिरले, की कारवारपर्यंत कोंकणी-मराठी कानावर पडते. पुढे अंकोला, कुमटा, होन्नावर, भटकळ या गावांतून दोघांपैकी कोणालाच नीट न वाचता येणारी कन्नड लिपी सर्वत्र दिसू लागते. या पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरांत दोघेही सारखेच परके असतात, मोडक्यातोडक्या हिंदीवर आणि खाणाखुणांवर काम चालवतात, आणि मरवंते येथे, जिथे रस्त्याच्या एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी असते, तिथे गाडी थांबवून बराच वेळ बसतात. प्रवासातले बहुतेक जिव्हाळ्याचे बोलणे याच मधल्या पट्ट्यात होते, कारण इथे कोणावरही दुसऱ्याला काही दाखवण्याची जबाबदारी नसते.

मंगळुरूच्या पुढे तलपाडीला केरळची हद्द लागते आणि प्रवासाची सूत्रे हातोहात बदलतात. एसटीसारख्या दिसणाऱ्या बसवरच्या पाट्या मल्याळम होतात; नवी मुंबईत जन्मलेला आणि आपल्याला मल्याळम ‘फक्त घरापुरते’ येते असे सांगत आलेला मित्र रस्त्याकडेच्या हॉटेलात पुट्टू आणि कडला मागवतो, दर विचारतो, कासरगोड अजून किती लांब ते ऐकून घेतो. मराठी मित्राला प्रथमच असे जाणवते, की वर्गात आपल्याहून शांत बसणारा हा मुलगा दुसऱ्या भाषेत चांगलाच बोलका आहे. कन्नूर, तलश्शेरी, कोळिकोड, पोन्नानी, आलप्पुळा या सहाशेहून अधिक किलोमीटरांत पाहुणा कोण आणि यजमान कोण हे पूर्ण उलटलेले असते. आता मराठी मुलाच्या कुळाची चौकशी कोणीतरी अम्मची करते आणि तिचा अर्थ त्याला मित्राकडून समजून घ्यावा लागतो. ज्याने आठ दिवसांपूर्वी संकोचून भाकरी मागितली होती, तोच आता दुसऱ्याच्या पानात आग्रहाने वाढतो. वर्षानुवर्षांच्या ओळखीतही जी समानता आलेली नसते, ती या अदलाबदलीतून येते.

अशा प्रवासाची व्यावहारिक बाजू समजून न घेता निघणे मात्र जिवावर बेतू शकते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर गुरे किंवा खड्डा दिसून हात ब्रेककडे जायला जो एक सेकंद लागतो, तेवढ्यात हे अंतर कापले गेलेले असते, आणि ब्रेक लागू होण्याला तिथून पुढे सुरुवात होते. डबलसीट आणि सामानाने लादलेली गाडी थांबायला आणखी अंतर घेते. मागे बसलेल्याने हेल्मेट घालणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे बंधनकारक आहे, हे ठाऊक असूनही पाळले जात नाही. दर दोन तासांनी उतरून चालक बदलणे, पहाटे निघून अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला लागणे आणि डुलकी येते आहे हे न लाजता सांगणे, या तीन गोष्टींवर दोघांचे जीव अवलंबून असतात. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण त्या वयात मित्रासमोर थकवा कबूल करणे कमीपणाचे वाटते. महामार्गावर अडचण आल्यास १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा आणि ११२ हा सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक उपयोगी पडतो.

खर्चाचा प्रश्न बहुतेक जोड्या ‘कॉन्ट्री’ काढून, म्हणजे समान वर्गणी एकत्र करून, सोडवतात. लिटरला ३५ किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलीला एका बाजूच्या प्रवासाला साधारण ४५ लिटर पेट्रोल लागते, राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नसतो, आणि ओळखीच्या घरी मुक्काम झाले तर लॉजचा खर्च बराच वाचतो. गाडी बहुधा एकाच्या वडिलांच्या नावावर, एमएच ४३ किंवा एमएच ४६ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची असते; तिची झीज, टायर आणि चेन यांचा हिशेब मात्र कॉन्ट्रीत धरायचे राहून जाते व परतल्यावर हीच बाब अवघडलेपणाचे कारण होते. ज्याची गाडी, त्याच्याकडून पेट्रोलचे निम्मे पैसे घेऊ नयेत हा जुना रिवाज या दृष्टीने समंजस आहे.

या सगळ्या वर्णनात ‘मित्र’ म्हणजे मुलगे गृहीत धरले जातात, ही गोष्ट मनाला लागते. त्याच वर्गातल्या दोन मैत्रिणींना हाच प्रवास करायचा असेल, तर पहिला अडथळा घरच्या परवानगीचा, दुसरा लॉजच्या गल्ल्यावरच्या नजरेचा आणि तिसरा रस्त्याकडेच्या स्वच्छतागृहांचा असतो, आणि तिसरा अडथळा हा निव्वळ सार्वजनिक सोयींचा प्रश्न असल्याने तो सोडवायला कोणाच्या मनोवृत्तीत बदल होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘द बायकर्नी’ या स्त्रियांच्या मोटारसायकल संघटनेने दाखवून दिले, की हौस किंवा कौशल्य यांची कमतरता कधीच नव्हती. मित्राच्या गावी जाऊन त्याच्या आजीच्या हातचे जेवण्याचा हक्क मुलींनाही तेवढाच आहे.

तिरुवनंतपुरम सोडल्यावर कळियिक्काविळेला तमिळनाडूची हद्द येते आणि शेवटचे साधारण साठ किलोमीटर दोघेही पुन्हा पाहुणे होतात. कन्याकुमारीला समुद्रातल्या खडकावर विवेकानंदांचे स्मारक आहे. स्वामी विवेकानंदही १८९२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि मडगाव असा पश्चिम भारत पाहत केरळमार्गे डिसेंबरात तेथे पोहोचले होते. ते स्मारक उभारण्यासाठी झटणारे एकनाथ रानडे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे; २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि विवेकानंद केंद्राच्या विवेकानंदपुरम परिसरात माफक दरात राहण्याची सोय असल्याने मराठी प्रवाशांची तेथे कायम वर्दळ असते.

परतीसाठी दोन पर्याय उरतात. वेळ असेल तर महामार्ग ४४ ने मदुराई, सेलम, कृष्णगिरी आणि तिथून महामार्ग ४८ ने बेंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे असे घाटमाथ्यावरून येता येते. मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई असल्याने खंडाळ्याचा घाट जुन्या रस्त्याने उतरावा लागतो. वेळ संपत आला असेल, तर मोटारसायकल रेल्वेत चढवतात : नोंदणीपुस्तिकेची प्रत आणि ओळखपत्र दाखवून नोंद करायची, टाकीतले पेट्रोल पूर्ण काढायचे, आरसे सोडवायचे आणि हँडल, टाकी व दिवे बारदानात गुंडाळून सुतळीने घट्ट बांधायचे, की मग तिरुवनंतपुरमहून निघालेल्या नेत्रावती एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात खिडकीची जागा कोणी घ्यायची एवढाच वाद दोघांत बाकी राहतो.